खिशात मावणारी बंदूक: मामांनी विचारलं, मी तुलना केली

ताज्या भागात जे बोललो ते इथे लिहून देतोय. हेडफोन घरी राहिला असेल तर वाचा.

माझे मामा इचलकरंजीत सुताचे व्यापारी. परवा वसुली करून रात्री उशिरा आले आणि म्हणाले, "तू इंजिनिअर हायस न्हवं? खिशात मावंल असं पिस्तूल बघ की. परवान्याचा अर्ज टाकतो." मग काय, मोबाईलची करतो तशी तुलना करायला बसलो.

पहिला फिल्टर कायद्याचा. अमेरिकेत लोक लपवून बाळगायला सहसा ९ एमएम घेतात. आपल्याकडे साध्या परवान्यावर ते मिळत नाही. उरतं मुख्यतः .३२ आणि .२२.

आता सरकारी कारखान्यांचा माल बघा. 'निर्भीक' २०१४ साली कानपूरहून आलं. .३२ चं रिव्हॉल्व्हर, टायटॅनियम मिश्रधातूचं, वजन साधारण अर्धा किलो. तेव्हाची किंमत सव्वा लाखाच्या आसपास. 'प्रबल' २०२३ चं, तेही कानपूरचंच. नळी ७६ मिलिमीटर, वजन ७०० ग्रॅम, आणि चक्री बाजूला उघडते, त्यामुळे गोळ्या भरणं सोपं. 'निडर' .२२ चं, वजन फक्त पाव किलो. हलकं आहे, पण गोळीचा जोर कमी. पिस्तूल हवं तर .३२ चं 'अशनी'. ते चपटं असतं, म्हणून कपड्याखाली रिव्हॉल्व्हरच्या चक्रीसारखा फुगवटा दिसत नाही.

मग पिस्तूलच बरं? थांबा. पिस्तुलात मॅगझिन काढलं तरी एक गोळी नळीच्या मागे चेंबरमध्ये राहू शकते. "रिकामं आहे" म्हणत चाप ओढला की घात. रिव्हॉल्व्हरमध्ये चक्री उघडली की सगळ्या गोळ्या दिसतात. पण जुन्या बनावटीत घोडा थेट काडतुसावर टेकलेला असतो. हातातून पडलं, घोड्यावर आपटलं, तर चाप न ओढताही गोळी सुटू शकते. म्हणून जुनी माणसं घोड्यासमोरचं घर रिकामं ठेवायची. नव्या बनावटीत बहुधा मध्ये अडसर असतो. घेताना हेच आधी विचारायचं.

१ ऑक्टोबर २०२४ ची बातमी आठवतेय? अभिनेते गोविंदा यांना मुंबईत राहत्या घरी, स्वतःच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरची गोळी पायात लागली. ना चोर, ना हल्ला.

माझी तुलना इथेच अडकली. वजन, नळी, किंमत हे सगळं त्या एका वाईट रात्रीसाठी. बाकी सगळे दिवस ते हत्यार घरात, गाडीत, नातवंडांच्या आसपास. तो हिशोब कुठल्याच स्पेसिफिकेशनमध्ये नसतो.

मामांना एवढंच विचारलं, "मामा, मोटारसायकलवर मागून कुणी पैशाची पिशवी हिसकावली, तर तुम्ही हँडल सोडून खिशात हात घालणार?" मामा गप्प. मामी म्हणाल्या, "त्यापेक्षा रोख आणूच नका."

अर्ज अजून टाकलेला नाही. वसुली आता बँकेतून, आणि रोख असेल तर दिवसाउजेडी, सोबतीला माणूस.

आणि भावांनो, "कट्टा स्वस्तात मिळतो" म्हणणारा मित्र असेल तर लांब राहा. विनापरवाना सापडलात तर २ ते ५ वर्षं आत. शिवाय तो हातातच फुटू शकतो, ते वेगळंच.

भेटू पुढच्या भागात!