काबूलच्या उद्योगिनी

भांडवल मिळाले की उद्योग उभा राहतो, असा एक समज आहे. पिढ्यान्‌पिढ्या व्यापारात मुरलेल्या घरांना त्यातील अपुरेपण वेगळे सांगावे लागत नाही. दुकानाच्या गादीवर आजोबांशेजारी बसून नातू जे शिकतो, म्हणजे माल कोणाकडून उचलावा, उधारी कोठे थांबवावी, मंदीत हात कसा आखडावा, ते बँकेच्या कर्जाबरोबर मिळत नाही. अफगाणिस्तानातील स्त्रियांना ही शेजारची जागाच क्वचित लाभली. भरतकाम, शिवण, गालिचे विणणे, केशर निवडणे, मुरांबे-लोणची घालणे ही कामे पूर्वापार त्यांच्या हातची; बाजारात बसणारा, भाव ठरवणारा आणि पैसे मोजून घेणारा मात्र बहुधा पुरुष. कसब घरात आणि व्यवहार घराबाहेर, अशी ही फारकत होती.

ती सांधण्याचे एक उदाहरण आज जगाला ठाऊक आहे. १९९६ मध्ये तालिबानने काबूल जिंकले आणि स्त्रियांच्या नोकऱ्या व मुलींच्या शाळा बंद झाल्या. खैरखाना भागातील कमिला सिद्दिकी ही शिक्षिका होण्याची तयारी केलेली तरुणी घरात अडकली. वडील व थोरला भाऊ शहर सोडून गेलेले, घरात धाकट्या बहिणी आणि उत्पन्न शून्य. थोरली बहीण मलिका हिने तिला शिवण शिकवले. कमिला धाकट्या भावाला सोबत घेऊन, बुरख्याआडून, लिसे मरियम बाजारातील दुकानदारांकडे जाऊ लागली. मागणी मिळवू लागली. काम वाढले तशा शेजारपाजारच्या मुलीही शिकायला व शिवायला येऊ लागल्या. गेल टझेमाख लेमन यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकातून ही हकिकत जगापुढे आणली. त्या हकिकतीत धाडसाचे कौतुक सर्वांनीच केले. तथापि अधिक मोलाची गोष्ट निराळीच आहे. कमिलाने पुढे २००४ मध्ये ‘कावियान’ ही व्यवसाय-प्रशिक्षण देणारी संस्था काढली. बहिणीकडून घेतलेली विद्या तिने कपड्यांपुरती न ठेवता हिशेब आणि व्यवहार शिकवण्यापर्यंत नेली.

२००१ नंतर परदेशी साहाय्याचा ओघ सुरू झाला. अमेरिकेतील थंडरबर्ड व्यवस्थापन विद्यालयाने २००५ पासून ‘प्रोजेक्ट आर्टेमिस’ या नावाने अफगाण उद्योगिनींना ॲरिझोनात बोलावून थोडक्या मुदतीचे शिक्षण दिले व परतल्यावरही मार्गदर्शक जोडून दिले. ओक्लाहोमातील एका संस्थेने असाच उपक्रम अफगाणिस्तान आणि रवांडा या दोन्ही युद्धग्रस्त देशांतील स्त्रियांसाठी चालवला. या उपक्रमांतून चांगल्या उद्योगिनी पुढे आल्या हे खरेच. परंतु विमानाने सातासमुद्रापार जाऊ शकणारी स्त्री ही बहुधा शिकलेली आणि घरच्यांचा पाठिंबा असलेलीच असणार. हातावर पोट असलेल्या विधवेपर्यंत ती वाट पोहोचणे अवघड होते.

तेथपर्यंत पोहोचण्याचा एक प्रयत्न आपल्या शेजारून, गुजरातमधून झाला. इला भट्ट यांनी १९७२ मध्ये अहमदाबादेत स्थापन केलेली ‘सेवा’ ही असंघटित कष्टकरी स्त्रियांची संघटना. दोनच वर्षांनी तिच्या सुमारे चार हजार सभासदांनी प्रत्येकी दहा रुपये घालून स्वतःची सहकारी बँक उभी केली होती. भारत सरकारच्या साहाय्याने २००८ पासून ‘सेवा’ने काबूलच्या बाग-ए-जनाना या खास स्त्रियांच्या उद्यानात प्रशिक्षण केंद्र चालवले. युद्धात पती वा छत्र गमावलेल्या एक हजार स्त्रियांना शिवण-भरतकाम, अन्नप्रक्रिया, रोपवाटिका यांसारखी कामे शिकवण्याचा संकल्प होता. निवडक अफगाण स्त्रिया अहमदाबादेत येऊन आधी स्वतः शिकल्या आणि मग इतरांना शिकवू लागल्या. पुढे त्यांचीच ‘सबाह बाग-ए-खजाना’ ही संस्था आकाराला आली. इथे शिकवणारी आणि शिकणारी यांच्यातील अंतर फारसे नव्हते. चाळिशीत प्रथमच पेन्सिल हाती धरणाऱ्या स्त्रीचा संकोच गुजरातेतील कष्टकरी बहिणींनीही अनुभवलेला होता.

अशा मार्गदर्शनात शिकवले काय जाते? टाका कसा घालावा हे या स्त्रियांना शिकवण्याची गरज क्वचितच पडते. अडते ते किमतीपाशी. घरात बसून काम करणारी स्त्री, मग ती काबूलची असो की कोल्हापूरची, आपल्या श्रमाचे मोल धरतच नाही. समजा, एका कुर्त्याला ३०० अफगाणींचे कापड व धागा लागला आणि तो ४०० ला विकला, तर शंभर नफा झाला असे ती मानते. त्यावर खर्ची पडलेले चार दिवस, दिव्याचे तेल, बाजारापर्यंतचे भाडे ही रक्कम कोठेच लिहिलेली नसते. मार्गदर्शिका पहिल्यांदा हीच ओळ वहीत लिहायला लावते. त्यानंतरचा धडा अधिक कठीण आहे: घरखर्चाचा पैसा आणि धंद्याचा पैसा वेगळा ठेवणे. दीर किंवा भाऊ उसने मागायला आला तर नाही कसे म्हणावे, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसते. ते आधी म्हणून पाहिलेल्या दुसऱ्या स्त्रीकडूनच शिकता येते.

ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान सत्तेवर परतले. देशाची परदेशातील गंगाजळी गोठली, बँकांतून पैसे काढण्यावर मर्यादा आली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ७२ किलोमीटरपेक्षा लांबच्या प्रवासासाठी स्त्रीबरोबर मेहरम, म्हणजे जवळचा पुरुष नातलग, असण्याची सक्ती झाली. डिसेंबर २०२२ मध्ये सेवाभावी संस्थांतील स्त्रियांच्या कामावर बंदी आली. अर्थात गावोगाव जाऊन शिकवणाऱ्या भगिनींचीच वाट अडली. जुलै २०२३ मध्ये सौंदर्यप्रसाधनगृहे बंद करण्यात आली आणि स्त्रियांनी स्त्रियांसाठी चालवलेला, पुरुषांचा संबंधच नसलेला एक अख्खा व्यवसाय संपला. निर्बंधांचे समर्थन शालीनतेच्या नावाने होत असताना नेमका हाच व्यवसाय का बुडवावा, याचे पटेल असे उत्तर सापडत नाही.

स्त्रीने उद्योग करण्यावर सरसकट बंदी मात्र नाही. त्यामुळे घरातील शिवणयंत्रे, जाम-लोणच्यांच्या बरण्या, गालिच्यांचे माग सुरू आहेत. मार्गदर्शन आता बरेचसे भ्रमणध्वनीवरून चालते: परदेशी गेलेली एखादी अनुभवी उद्योगिनी नमुन्याचे छायाचित्र पाहून दोष सांगते, भाव सुचवते. ही दोरीही नाजूक आहे. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस देशभरातील इंटरनेट सुमारे दोन दिवस बंद पडले, तेव्हा तीही तुटली होती.

अशा घरगुती कारखान्यांत शिकाऊ म्हणून येणाऱ्यांत आता सहावीनंतर शाळा बंद झालेल्या मुली पुष्कळ आहेत. त्यांना कात्री आणि मापाच्या फितीबरोबर जमाखर्चाची वहीही हाती द्यावी लागते. टक्केवारी, त्रैराशिक, पत्रलेखन हे सारे त्या वहीतूनच शिकवायचे असते.