घसा बरा झाला, मग हृदयाची झडप का बिघडली?

मुलाचा घसा दुखतो, ताप येतो. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, हळदीचं दूध आणि तीन-चार दिवसांत स्वारी पुन्हा खेळायला पळते. बहुतेक वेळा विषय इथेच संपतो, कारण बहुतेक घसादुखी व्हायरसमुळे होते.

पण काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा ताप येतो. गुडघा सुजतो, तो उतरतो तोवर घोटा धरतो. याला ऱ्हुमॅटिक फिव्हर म्हणतात. साधारण 5 ते 15 वर्षांच्या मुलांमध्ये तो जास्त दिसतो. सांधे बरे होतात. हृदयाच्या झडपा मात्र कायमच्या खराब होऊ शकतात.

याची सुरुवात करणारा जिवाणू म्हणजे ग्रुप ए स्ट्रेप्टोकोकस. गंमत म्हणजे तो हृदयापर्यंत जातच नाही. मग तिथलं नुकसान कोण करतं? आपलीच रोगप्रतिकारशक्ती.

हा जिवाणू लपण्यात पटाईत आहे. त्याच्या अनेक प्रकारांवर हायलुरोनिक ॲसिडचं आवरण असतं. हाच पदार्थ आपल्या शरीरातही असतो (हो, स्किनकेअरच्या सीरममध्ये असतो तोच!). त्यामुळे पांढऱ्या पेशींना तो घरचाच वाटतो. तरीही ओळखला गेलाच, तर काही पांढऱ्या पेशी स्वतःच्या डीएनएचं जाळं त्याच्यावर फेकतात. त्यावरही त्याच्याकडे उपाय आहे: डीएनए कापणारं एन्झाइम. शिवाय पेशींना भोकं पाडणारं विषही तो सोडतो.

सगळ्यात महत्त्वाचं हत्यार म्हणजे त्याच्या अंगावरचं एम प्रोटीन. त्यामुळे पांढऱ्या पेशींना त्याला गिळणं अवघड जातं. या प्रोटीनचे 200 हून अधिक प्रकार आहेत. एका प्रकाराविरुद्ध प्रतिकारशक्ती तयार झाली, तरी दुसरा प्रकार पुन्हा घसा धरू शकतो. लस अजून आलेली नाही, त्याचं हे एक कारण.

खरी गडबड पुढे होते. एम प्रोटीनचे काही भाग हृदयातल्या मायोसिनसारख्या प्रोटीनशी मिळतेजुळते असतात. जिवाणूविरुद्ध तयार झालेल्या अँटिबॉडीज आणि टी-पेशी काही मुलांमध्ये हृदयावरच तुटून पडतात. प्रत्येक नव्या संसर्गागणिक झडपेचं नुकसान वाढू शकतं. भारतात अनेक महिलांना हा आजार गरोदरपणात धाप लागू लागल्यावर कळतो, म्हणजे लहानपणीच्या घसादुखीनंतर कित्येक वर्षांनी.

दिलासा असा की जुनं, स्वस्त पेनिसिलिन या जिवाणूवर आजही चालतं. घसादुखी सुरू झाल्यापासून 9 दिवसांच्या आत उपचार सुरू झाले, तरी ऱ्हुमॅटिक फिव्हर बहुधा टळतो. मात्र तोंडावाटे घ्यायचा कोर्स 10 दिवसांचा असतो, आणि तिसऱ्या दिवशी बरं वाटलं की गोळ्या बंद करणारे घरोघरी असतात.

मेडिकलमधून मनाने ॲझिथ्रोमायसिन आणणं हाही उपाय नाही. त्या गटातल्या औषधांना दाद न देणारे स्ट्रेप्टोकोकस आढळतात. सर्दी-खोकला नसताना अचानक ताप, गिळताना त्रास आणि मानेत दुखऱ्या गाठी असतील, तर डॉक्टरांना दाखवा. घशाच्या स्वॅबवरून निदान होऊ शकतं.

एकदा ऱ्हुमॅटिक फिव्हर होऊन गेलेल्या मुलांना दर 3-4 आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन द्यावं लागतं, तेही अनेक वर्षं. मूल ठणठणीत दिसलं, तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते थांबवायचं नसतं.