*कॉम्प्युटर आपोआप चालू-बंद होतोय? मेकॅनिकला बोलावण्याआधी हे तपासा*



पेरणी तोंडावर आहे. बियाणे-खताची नोंद, वजनाच्या पावत्या, चुकाऱ्याचा हिशेब, सगळं गटाच्या कॉम्प्युटरवर असतं. बऱ्याच जणांच्या घरीही मुलांसाठी कॉम्प्युटर आला आहे. तो मध्येच दगा देतो तेव्हा एकच करा: *किती वाजता झालं, लाइन आली-गेली होती का, काय काम चालू होतं* हे वहीत लिहून ठेवा. चार नोंदी झाल्या की कारण बहुतेक सापडतंच.

*1) लाइन आली की आपोआप चालू होतो*
हा बिघाड नाही. मोटरला जसा ऑटो स्विच असतो, तशीच सोय कॉम्प्युटरमध्ये असते. चालू करताना डिलीट किंवा एफ-2 बटण दाबत राहा, बायोस उघडेल (काही कंपन्यांत बटण वेगळं असतं). त्यात 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' किंवा तशाच नावाची सेटिंग शोधा आणि 'पॉवर ऑफ' करा. बाकी कशाला हात लावू नका. लाइन आल्या आल्या व्होल्टेज खालीवर होतं, म्हणून पाच-दहा मिनिटं थांबून स्वतःच चालू केलेला बरा.

सेटिंग टिकत नसेल आणि तारीखही चुकत असेल, तर आतला बटण सेल संपला समजा. सीआर 2032 नावाचा 3 व्होल्टचा हा सेल स्वस्तात मिळतो. तारीख चुकली की बँकेची आणि सरकारी संकेतस्थळंही नीट उघडत नाहीत.

*2) दुपारी बंद पडतो, सकाळी ठीक चालतो*
हा उन्हाचा त्रास आहे. नागपूरकडे मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो. त्यात कापसाची तूस आणि तुरीचा भुसा पंख्यात अडकला की आतला प्रोसेसर तापतो आणि जळू नये म्हणून स्वतःच बंद होतो. प्लग काढा, झाकण उघडा, पंखा बोटाने धरून ब्लोअरने धूळ उडवा. डबा भिंतीला चिकटवून किंवा कुलरच्या ओल्या हवेसमोर ठेवू नका.

*3) लाइट मिचकला की बंद होतो*
यूपीएसची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत थकते. काम सेव्ह करून बोर्डाचं बटण बंद करून पाहा. मिनिटभरही टिकत नसेल तर बॅटरी बदला. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका, त्याचा झटका मोठा असतो. मोटरा सुरू झाल्या की बल्ब मंद होत असेल, तर दोष कॉम्प्युटरचा नाही, व्होल्टेजचा आहे. महावितरणला 1912 वर तक्रार नोंदवा.

*4) रात्री आपोआप जागा होतो*
तो 'स्लीप'मध्ये असतो, बंद नसतो. माउस हलला किंवा विंडोजचं अपडेट आलं की उठतो. काम संपलं की 'शट डाउन' करा.

⚠️ *हे मात्र गमतीवारी घेऊ नका*
▪️ डब्याला हात लावला की झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंग नीट नाही. लगेच प्लग काढा, वायरमनकडून तपासून घ्या.
▪️ जळका वास आला तर पुन्हा चालू करू नका.
▪️ पॉवर सप्लायचा (एसएमपीएस) डबा स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात काही वेळ करंट राहतो.
▪️ विजा कडाडत असताना बटण बंद करून भागत नाही. प्लग आणि इंटरनेटची वायर दोन्ही काढा. विजेचा इशारा 'दामिनी' ॲपवर मिळतो.

शेवटचं, पण सर्वांत महत्त्वाचं: *रोज संध्याकाळी हिशेबाची फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि पेनड्राइव्ह काढून ठेवा.* कॉम्प्युटर दुरुस्त होतो, नवाही घेता येतो. पण हंगामाच्या पावत्या गेल्या, तर कोणाचे किती क्विंटल आले यावरून गटात वाद होतात.

वहीतल्या नोंदी मेकॅनिकला दाखवा, नेमकं काम होईल आणि पैसेही वाचतील. हा मेसेज आपल्या गटात पुढे पाठवा.

आपली शेतकरी उत्पादक कंपनी