उत्तर इटालींतील मोटारप्रवास

मुलगा युरोपांत नोकरीस असला म्हणजे वडील माणसांस उन्हाळ्यांत इटाली मोटारीनें दाखवावी, असें त्यास वाटणें स्वाभाविक आहे. परंतु नकाशावर बोट फिरविणें निराळें, आणि वृद्धांस व लेंकरांस घेऊन घाट चढणें निराळें !

मिलान, कोमो, गार्डा, वेरोना व व्हेनिस हा क्रम सोयीचा. मिलानांतील लिओनार्डोचें ‘अंतिम भोजन’ पाहण्यास जागा आगाऊ राखावी लागते, व आंत १५ मिनिटेंच मिळतात. म्हणून तो दिवस आधीं ठरवून बाकीचे त्याभोंवतीं बसवावे. वेरोनाच्या प्राचीन रंगमंडलांत १९१३ पासून उन्हाळ्यांत रात्रीं संगीतनाटकें होतात. तेथें मुक्कामच करावा. व्हेनिसांत मोटार चालत नाहीं; १९३३ सालीं झालेल्या पुलावरून जाऊन ती शहराच्या वेशीवरच ठेवावी लागते.

तरुणांस स्टेल्व्हिओ घाटाचा मोह पडतो. त्याची उंची २७५७ मीटर, व एका बाजूस ४८ वळणें. हृद्रोगी माणूस बरोबर असल्यास तो खुशाल वगळावा.

भारतांतील परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना घ्यावा. तिकडे वाहन रस्त्याच्या उजव्या बाजूनें हांकतात. जुन्या शहरांच्या गाभ्यांत परवानगीवांचून शिरल्यास कॅमेरा नोंद करतो, आणि दंडाचें पत्र मागाहून घरीं येतें. १५ ऑगस्टच्या सणाच्या सुमारास रस्ते व वसतिगृहें गजबजतात. जूनचा पूर्वार्ध त्या मानानें बरा.

दिवसाची मजल मात्र घरांतील सर्वांत थकलेल्या माणसास विचारूनच ठरवावी.