विलायतेला गेलेला 'पक्का'

इंग्रजी वाचताना क्वचित कधी 'पका' असं एक विशेषण भेटतं. अर्थ अस्सल, जसं हवं तसं. लंडनच्या बोलीत तर जेवण झकास झालं तरी ते 'पका'. वाशीम जिल्ह्यातल्या केनवडमध्ये हा शब्द कुणाला शिकवावा लागणार नाही. तो आपला 'पक्का'च आहे. इंग्रजांच्या जिभेला जोडाक्षर पेललं नाही, एवढंच.

मूळ संस्कृत 'पक्व', म्हणजे शिजलेलं, पिकलेलं. त्यातला 'पच्' धातू आणि लॅटिनमधून आलेला इंग्रजी 'कुक' हे एकाच कुळातले. लहान वयात मोठ्यांसारखं बोलणाऱ्या पोराला इंग्रजीत 'प्रिकोशस' म्हणतात. त्याचाही मूळ अर्थ वेळेआधी पिकलेलं. (आपण सरळ आगाऊ म्हणतो!)

शिवकाळात इकडे आलेला, जुन्नरलाही जाऊन आलेला इंग्रज डॉक्टर जॉन फ्रायर याचं प्रवासवर्णन १६९८ मध्ये छापलं गेलं. त्यात आग्र्याचा 'पक्का मण' दुप्पट भरतो अशी नोंद आहे. म्हणजे शब्द गेला तो वजनकाट्यावरून. १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात पक्क्या घराबरोबर पक्का बदमाशही आहे. पुढे गोऱ्या अंमलदारांनी तो स्वतःलाच लावला: 'पका साहिब'. त्या ऐटीची जॉर्ज ऑर्वेलनं १९३४ च्या 'बर्मीज डेज' कादंबरीत चांगलीच खबर घेतली.

तिकडे हा शब्द मिरवण्यापुरता उरला. इथं मात्र त्याच्यावर घरकुल अडतं. २०१६ च्या ग्रामीण आवास योजनेत, २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीत ज्यांची भिंत किंवा छप्पर पक्कं नोंदलं गेलं, ती कुटुंबं यादीबाहेर राहिली. योजनेच्या इंग्रजी नियमांतही शब्द आपलाच. नेहमीचा वापर, ऊन-पाऊस सोसून, बेताच्या डागडुजीवर किमान ३० वर्षं टिकेल ते घर पक्कं.

व्याख्या म्हणून ठीक आहे. पण २०११ च्याच जनगणनेत लोखंडी पत्र्याचं छप्पर टिकाऊ साहित्यात धरलं होतं. आपल्या वऱ्हाडात वावटळीत उडू नयेत म्हणून टिनांवर दगड ठेवावे लागतात, आणि मे महिन्यात दुपारी खाली बसवत नाही. गावात त्याला 'टिनाचं घर' म्हणतात. पक्कं म्हणजे स्लॅबचं.