‘माँगूस’ शब्दाचें माहेर



इंग्रजी शिकणारीं मुलें ‘गूस’ या पक्ष्याचें अनेकवचन ‘गीस’ असें पाठ करितात, आणि त्याच चालीवर ‘माँगूस’चें अनेकवचन ‘माँगीस’ करून मोकळीं होतात. खरें रूप ‘माँगूसेस’ असें साधें आहे. त्या पक्ष्याशीं या शब्दाचा काडीचाही संबंध नाहीं. हा आपलाच मुंगूस शब्द होय.

आमच्या येडशीच्या रामलिंग घाटांत झुडपाआड सर्रकन् शिरणारें मुंगूस कोणास ठाऊक नाहीं? संस्कृतांत तें नकुल. त्यावरूनच हिंदींतील नेवला आला. मराठींत नकुल पोथींत राहिला आणि बोलण्यांत मुंगूस रूढ झालें. सतराव्या शतकांत पश्चिम किनाऱ्यावर आलेल्या युरोपीय लोकांनीं तें नांव उचललें, व इंग्रजी कानानें त्याच्या शेवटास ओळखीच्या ‘गूस’चें रूप दिलें.

मात्र छाती फुगविण्यापूर्वीं थोडें थांबावें. १८८६ सालीं प्रसिद्ध झालेल्या यूल व बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशानें हा शब्द तेलुगू ठरविला. अलीकडील इंग्रजी कोश बहुधा मराठीचें नांव घेतात. तेलुगू ‘मुंगिस’ व कानडी ‘मुंगुसि’ हीं रूपें पाहतां, मराठीनेंही तो दक्षिणेकडून घेतला असावा असें दिसतें. १९४८ पर्यंत निजामी राजवटींत राहिलेल्या आमच्या जिल्ह्यास या भाषांचा शेजार नवा नाहीं.

परदेशीं गेल्यावर शब्दाचा अर्थही पालटला. मादागास्करांतील लेमूर नांवाच्या वानरसदृश प्राण्याच्या एका जातीस लिनियसनें १७६६ सालीं ‘मोंगोझ’ हें नांव दिलें. १८७२ सालीं उसाच्या मळ्यांतील उंदरांचा नायनाट करण्यासाठीं कलकत्त्याहून नऊ मुंगसें जमैका बेटावर नेण्यांत आलीं. उंदरांबरोबर तीं जमिनीवर घरटीं करणाऱ्या पक्ष्यांचीं अंडीं-पिलेंही फस्त करूं लागलीं. आपल्याकडे ज्याचें दर्शन शुभ मानितात, तो सापाचा वैरी तिकडे उपद्रवी ठरला. प्राणी तोच, नांवही तेंच. माणसानें त्यास भलत्या ठिकाणीं नेलें, एवढाच काय तो फरक.

सारांश, शब्दाचें माहेर शोधावें, परंतु त्यावर एकट्याची मालकी सांगूं नये. आपण इंग्रजीस जें उसनें दिलें, तें आपणही बहुधा शेजाऱ्याकडूनच आणिलें होतें.