आधी लिहा, मग बोला

पालखेडची लढाई कोणत्या साली झाली? अशा अवघड प्रश्नावर चार डोकी एकत्र आली की उत्तर हमखास सापडेल, असे आपण धरून चालतो. स्मृतीचे मानसशास्त्र मात्र सावध करते. वेल्डन आणि बेलिंजर या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये दाखवले, की एकत्र बसून आठवणारा गट एकट्या माणसापेक्षा सरस ठरतो. पण तितक्याच माणसांनी वेगवेगळे बसून आठवलेल्या गोष्टींची बेरीज त्याहून मोठी भरते. कारण प्रत्येकाची आठवण्याची वाट निराळी असते आणि दुसऱ्याच्या बोलण्याने ती मोडते.

मग चर्चा व्यर्थच का? तसे नाही. इतिहासाचे उत्तर नुसते आठवायचे नसते, तर्कानेही गाठता येते. पालखेडची लढाई जिंकणारे थोरले बाजीराव १७२० मध्ये पेशवे झाले, हे एकाला ठाऊक असते. पालखेड त्यांच्या १७३७ च्या दिल्ली स्वारीआधीचे, हे दुसऱ्याला. तिसऱ्याला १७२८ अंधुक आठवते. दुवे जुळले की अंधुक आठवण पक्की होते. मात्र ठासून सांगितलेले चुकीचे सालही इतरांच्या स्मृतीत शिरते. म्हणून आधी प्रत्येकाने मुकाट्याने लिहावे, वाद मग घालावा.